भिंतीवरचं औषध

चाकण-खेडकडे मच्छरदाणी असायची ती बाळंतिणीच्या बाजेला, नाहीतर शहरातून आलेल्या जावयासाठी. बाकीचं घर अंगणात, खळ्यावर, कांद्याच्या राखणीला उघड्यावर झोपायचं. डास फारच झाले तर शेणीवर कडुनिंबाचा पाला टाकून धूर करायचा. हिवताप कर्मचारी म्हणून मी या गावांत फिरलो. जाळीशिवाय झोपण्याला लोक अडाणीपणा म्हणत, ते मला पटलं नाही. सरकारचाच भरवसा जाळीपेक्षा भिंतीवर होता.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा, आठ लाख दगावायचे. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आला. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर टेकते, तिथं डीडीटी फवारलेली असली की मरते, एवढंच त्याचं शास्त्र. १९५८ साली 'नियंत्रणा'चं 'निर्मूलन' झालं. १९६५पर्यंत रुग्ण लाखभरावर उतरले, आणि १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाख! डीडीटी पचवणारे डास तयार झाले होते. सरकारी ढिलाईही होतीच.

आम्ही पंधरवड्याला दारोदार जायचो. ताप विचारायचा, बोटातून रक्त घ्यायचं, कडू क्लोरोक्विन समोर गिळायला लावायचं. फवारणीवाल्यांना देवघरात शिरू देत नसत. जिथं मारलं, तिथं दसऱ्याच्या आत बायका भिंती पोतारून घ्यायच्या, औषध शेणामातीखाली. साहेब चिडायचे. सणाला पांढऱ्या डागांची भिंत कोण ठेवील?

पिंपरीत १९५४पासून हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होती, १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली, पुढं कारखाने चाकणपर्यंत सरकले. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे इथल्या शेतांत भाड्याच्या खोल्या उठल्या. इंद्रायणीच्या जलपर्णीला सगळे शिव्या घालतात, पण तिथले बहुतेक डास क्युलेक्स, हिवतापाचे नव्हेत. शहरी हिवतापाचा स्टिफेन्सी डास स्वच्छ पाण्यातला: गच्चीवरच्या झाकण नसलेल्या टाकीत, बांधकामाच्या हौदात.

औषध मुरवलेल्या टिकाऊ जाळ्या २००९पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आल्या, पण त्या जास्त रुग्णांच्या भागांसाठी; आपल्याकडे गडचिरोलीसारख्या. आमच्या पट्ट्यात जाळी आणली ती बिहार-ओडिशाच्या पोरांनी, बोचक्यात बांधून. रात्रपाळी करून आलेला दिवसा तिच्यात झोपतो, संध्याकाळी दुसरा. घरमालक खिळा ठोकू देत नाही, रंग जातो म्हणून. मग दोन दोऱ्या खिडकीच्या गजाला, एक दाराच्या कडीला, चौथी सिलिंडरला.