शस्त्रविद्येची वंशावळ : ओकिनावा आणि बडोदे

आज गोडादऱ्यातील आपली मुलेमुली कराटे शिकतात, याचे मला कौतुकच वाटते. मात्र त्या विद्येची गुरुपरंपरा सांगताना आपण घरची वंशावळ विसरू नये, आणि दोन्ही सांगताना इतिहासाचे पथ्य पाळावे, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

कराटेचे माहेर ओकिनावा. तेथील र्‍यूक्यू राज्य 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा संस्थानाने जिंकले. त्यानंतर निःशस्त्र शेतकऱ्यांनी विळे आणि काठ्या उचलून सामुराईंना तोंड दिले, अशी कथा सांगतात. कथा रम्य खरी. परंतु परंपरेत ज्यांचे नाव आदराने घेतात ते मात्सुमुरा सोकोन शेतकरी नव्हते, राजसेवेतील गृहस्थ होते. त्यांचे शिष्य इतोसु आन्को यांनी 1901 च्या सुमारास ही विद्या शाळेत नेली व मुलांना झेपतील अशा पाच ‘पिनान’ काता रचल्या. इतोसूंचे शिष्य फुनाकोशी गिचिन यांनी 1922 मध्ये ती टोकियोत दाखविली. बो, साई, तोन्फा, कामा, नुन्चाकु ही शस्त्रे ‘कोबुदो’ या शाखेत जतन झाली.

आपल्याकडे असेच कार्य बडोद्यात घडले. 1878 च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले होते. अशा काळात सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात, जुम्मादादा या वस्तादांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी आखाड्यातील विद्या सामुदायिक शिक्षणाच्या शिस्तीत बसविली आणि कवायतीला देशी आज्ञा दिल्या. त्यांच्या व्यायाममंदिराला नाव मात्र गुरूचेच राहिले. वंशावळ कशी सांगावी, याचा हा वस्तुपाठच होय. त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. त्याचा पहिला खंड 1936 मध्ये निघाला.

शस्त्रे टिकली ती रूप पालटून. तलवारीच्या जागी चामड्याने मढविलेला गदका आला व सोबत फरी ही लहान ढाल. भाल्याच्या टोकाला कापडाचा गोळा बसून त्याची बोथाटी झाली. धनुर्धराच्या सरावाचे साखळीचे धनुष्य लेझीम होऊन शाळेत शिरले. कोपरापर्यंत हात झाकणारा दांडपट्टा तेवढा मूळ रूपात राहिला. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

मान मिळाला, आनंद आहे. तथापि आपला आखाडा थेट शिवकाळापासून अखंड चालत आला, असे कोणी म्हणेल तर त्यालाही ओकिनावाच्या कथेप्रमाणेच पुरावा विचारावा. त्याने पूर्वजांचा अवमान होत नाही. ज्यांनी खरोखर ही विद्या आपल्यापर्यंत पोहोचविली, त्या वस्तादांचे ऋण तेवढ्यानेच उजेडात येते.

शाळेच्या कपाटातील लेझीम हाती घ्याल, तेव्हा तिच्यातील धनुष्य आठवा. आणि ते धनुष्य ज्यांनी मुलांच्या हाती दिले, त्या शिक्षकांनाही आठवा.