वाजवणाऱ्याचं नाव

भंडारा-पवनी रस्त्यावर आमचं अड्याळ. याच रस्त्यानं पुढं गेलं की पवनी लागते. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झालं आणि जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. स्तूपाच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी अक्षरांत कोरलेली आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी दगड दिला, ते आज वाचता येतं. पण त्याच मुलखात दरवर्षी गायगोधनाला ज्यांच्या बासरीवर सारं गाव गोळा होतं, त्यांच्या आज्याचं नाव सांगा म्हटलं तर माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

गायगोधन म्हणजे दिवाळीचा पाडवा. गाई धुऊन, सजवून एका जागी आणतात. गोवारी मंडळी मोरपिसं लावलेली ढाल नाचवतात. ढोल, डफ, बासरी वाजते. मग ही माणसं घरोघर जातात, कोणी सुपात धान घालतं, कोणी हातावर पैसे ठेवतं. वर्षभर ज्याला आपण ‘गायकी’ म्हणून हाक मारतो, तो या दिवशी गावाचा वाजंत्री असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गायकी.

अशाच एका म्हाताऱ्या बासरीवाल्याला मी विचारलं होतं, “बाबाजी, कोनापासून सिकले तुमी?”

तो हसला. “सिकवते कोन बाप्पा? ढोरं राखता राखता वाजवाले लागलो. ढोरं आयकत, म्हून वाजवत गेलो.”

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे गाणं-वाजवणं कामाच्या पोटात होतं. म्हणून ते कोणी कलेत धरलं नाही, आणि वाजवणारा स्वतःलाही कलावंत म्हणेना. पण बासरीला नीट कान दिला की कळतं, त्या लांब सुराला रानाचा अंदाज आहे. पांगलेल्या गाईपर्यंत पोचायचं तर सूर लांबच हवा.

रोवणीचंही तसंच. पावसाळ्यात बांधीत चिखल झाला की बाया ओळीनं वाकून पऱ्हे रोवतात. अर्ध्या बाया ओळ उचलतात, अर्ध्या ती झेलतात. वाकलेल्या माणसाचा श्वास लांब पुरत नाही, म्हणून ओळ आखूड आणि झेलणाऱ्या वेगळ्या. एकीकडून गाणं चालू असताना दुसरीकडे दम घेता येतो. हात आणि गाणं एका चालीनं पुढं सरकतात. एखादी बाई गाणं उचलण्यात तरबेज असते. तिच्यामुळं दिवस हलका जातो, पण मजुरी सगळ्यांइतकीच.

पश्चिम महाराष्ट्रात गी पॉयटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांसाठी गावं पालथी घातली. एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि कोणत्या गावात कोणत्या बाईनं गायिली तेही लिहून ठेवलं. ओवीपुढं गाणारीचं नाव लागलं, ही मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आमच्या झाडीपट्टीत कलेची भूक कमी नाही. भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. मंडईच्या रात्री दंडार, खडी गंमत, नाटक. वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्र रात्र चालतात. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीला आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. पण नाटकात कोपऱ्यात बसून पहाटेपर्यंत ऑर्गन नि तबला वाजवणारा? नटाचं नाव भोंग्यावरून दहा गावांत फिरतं. तबलजीनं ठेका सोडला तर अख्खं पद कोसळतं, पण लोकांच्या लेखी तो ‘तबलेवाला’.

नाव नसण्याची किंमत मोठी असते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूरला विधिमंडळावर गोवारी समाजाचा मोर्चा गेला. अनुसूचित जमातीच्या सवलती हव्यात, एवढंच मागणं होतं. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. दिवाळी सरून तीन आठवडेही झाले नव्हते. गावोगावी नुकतीच ज्यांची ढाल नाचली होती, त्याच समाजाची ही माणसं. नागपुरात झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे. आपण कोण, याची नोंद सरकारदरबारी व्हावी म्हणून ती गेली होती. मला गायगोधनाचा ढोल ऐकताना हा आकडा आठवल्याशिवाय राहत नाही.

आता गायरानं आखडली, ट्रॅक्टर आले, घरची ढोरं कमी झाली. ढोरं नाहीत तर गायकी नाही, आणि गायकी नाही तर बासरी कोण कोणासाठी वाजवणार? रोवणीलाही यंत्रं येऊ लागलीत. कामाच्या पोटातलं गाणं कामासोबतच जातं. ते रडून थांबत नाही.

पण नाव लिहून ठेवता येतं. मी दोनशे पानी वही केली आहे. त्यात गाव, माणूस, वाद्य, कोणाचं ऐकून शिकला, एवढंच लिहितो. नाव विचारलं की पहिल्यांदा माणूस बिचकतो. “कायले पायजे माहं नाव? रेसनचं हाय का?” म्हणतो. रेशनचं नाही, बासरीचं आहे म्हटलं की जरा वेळ गप्प राहतो. मग आपलं नाव सांगतो, बापाचं सांगतो, आणि न विचारता आज्याचंही.

या दिवाळीत तुमच्या दारी ढोल आला, तर सुपात धान घालाच. धान घालताना नावही विचारा.