ट्रकचा कणा: जुन्या मालट्रकांची चॅसिस आणि तिला दिलेले जोड

१/ जुन्या मालट्रकच्या हौद्याखाली वाकून पाहिले, तर पुढून मागे गेलेल्या दोन लांब पोलादी तुळया दिसतात. इंजिन, केबिन, हौदा आणि माल यांचा सारा भार त्यांच्यावर असतो. गाडीची कायदेशीर ओळखही तिथेच कोरलेल्या चॅसिस क्रमांकाने ठरते. या दोन तुळयांचा इतिहास म्हणजे माणसाच्या गरजेचा, हिशेबाचा आणि हव्यासाचाही इतिहास आहे.

२/ १८९६ साली गॉटलीब डाइमलर यांनी जर्मनीत जगातला पहिला मोटारट्रक विक्रीस आणला. चार अश्वशक्तीचे इंजिन आणि दीड टन माल वाहण्याची क्षमता. दिसायला मात्र तो घोडे काढून घेतलेला गाडाच होता. सुताराची आणि लोहाराची विद्याच या नव्या वाहनाला वारशाने मिळाली.

३/ त्यामुळे सुरुवातीच्या अनेक मोटारींचे आणि ट्रकांचे सांगाडे टणक लाकडाचे असत आणि त्या लाकडाच्या अंगाला लांबच लांब पोलादी पट्ट्या बोल्टने जखडलेल्या असत. म्हणजे सांगाडा बळकट करण्याची कला ट्रकच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे. लाकूड धक्का पचवी आणि पोलाद वाकण्याला विरोध करी.

४/ माल वाढला तसे लाकूड अपुरे पडू लागले. मग पुलांना आणि इमारतींना लागणारे गिरणीत लाटलेले पोलादी चॅनल ट्रकखाली आले. ते मजबूत होते, पण जड होते. शिवाय पूल एका जागी उभा असतो. ट्रकला मात्र खड्ड्यांतून, चढणींवरून हेलकावे खात जायचे असते. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरला.

५/ याच सुमारास पत्रा दाबून सांगाडा घडवण्याचे तंत्र पुढे आले. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात, सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या घराण्यातून उभ्या राहिलेल्या ए. ओ. स्मिथ कंपनीने १९०६ मध्ये फोर्डसाठी १०,००० मोटारींचे सांगाडे पुरवण्याचे काम स्वीकारले. १९२१ मध्ये तिच्या स्वयंचलित कारखान्याने तर दिवसाला हजारो सांगाडे घडवण्यापर्यंत मजल मारली.

६/ जड ट्रकांच्या बाबतीत मैलाचा दगड ठरला तो १९१६ चा मॅक कंपनीचा ‘एसी’ ट्रक. साडेतीन ते साडेसात टन क्षमतेच्या या ट्रकच्या तुळया क्रोम-निकेल मिश्रित पोलादाचा पत्रा दाबून घडवलेल्या होत्या आणि त्यांच्यावर उष्णतेची प्रक्रिया करून त्यांना कणखर केलेले होते.

७/ पहिल्या महायुद्धात हे ट्रक युरोपच्या चिखलात राबले. ब्रिटिश सैनिकांनी त्यांना ‘बुलडॉग’ म्हटले, अशी आख्यायिका आहे. पुढे तेच कंपनीचे चिन्ह झाले. १९३० च्या दशकात कोलोरॅडो नदीवरील हूव्हर धरणाच्या बांधकामावरही मॅकचे ट्रक राबत होते. चांगल्या चॅसिसची कसोटी लागते ती अशाच ठिकाणी.

८/ या तुळयांचा छेद इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा का असतो? भार आला की तुळई खाली वाकू पाहते. तेव्हा तिच्या वरच्या कडेवर दाब येतो आणि खालच्या कडेवर ताण. मधल्या उभ्या पोटाच्या मध्यरेषेवर मात्र वाकण्याचा ताण जवळजवळ शून्य असतो. म्हणून पोलाद कडांपाशी हवे. म्हणूनच भोके पोटात पाडावीत, कडांना हात लावू नये, हा जाणत्या मिस्त्रींचा नियम आहे.

९/ एक हिशेब पाहू. तुळई २५० मिमी उंच, तिच्या कडा ७५ मिमी रुंद, पत्रा ६ मिमी जाड. पत्रा ८ मिमी केला, तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो आणि वजन ३२ टक्क्यांनी. त्याऐवजी पत्रा ६ मिमीच ठेवून उंची ३०० मिमी केली, तर विरोध तेवढाच वाढतो, पण वजन अवघे १३ टक्क्यांनी! जाडीपेक्षा उंचीचे मोल मोठे, ते असे.

१०/ दुसरा उपाय पोलादाच्या जातीचा. साधे सौम्य पोलाद दर चौरस इंचाला सुमारे ३६,००० पौंड ताणापर्यंत टिकते. त्यापलीकडे ते कायमचे वाकते. अमेरिकन जड ट्रकांसाठी वापरले जाणारे उष्णतासंस्कारित पोलाद १,१०,००० पौंडांपर्यंत तग धरते. आकार तोच, बळ तिप्पट. छेदाचा आकार आणि पोलादाचे बळ यांचा गुणाकार हेच चॅसिसच्या ताकदीचे खरे माप होय.

११/ पण या कणखरपणाचा एक शाप आहे. जे बळ भट्टीतल्या उष्णतेने आणि नियंत्रित थंडाव्याने दिले, ते वेल्डिंगच्या उष्णतेने हिरावले जाते. वेल्डिंगच्या रेषेलगतचा पट्टा मऊ पडतो आणि पुढचा तडा तिथूनच जातो. म्हणून अशा तुळयांवर ‘वेल्डिंग करू नये, कडांना भोक पाडू नये’ अशा सूचना चिकटवलेल्या असत.

१२/ आता पुलाचा आणि ट्रकचा फरक पुन्हा आठवावा. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर असताना सांगाड्याला पीळ बसतो. उघडा ‘सी’ छेद हा पीळ सहज सोसतो, किंबहुना तो मुद्दामच तसा घडवलेला असतो. त्याला चारही बाजूंनी बंद करून पेटीसारखे केले, की पीळ सोसण्याचे काम आडव्या दुव्यांच्या सांध्यांवर येऊन पडते आणि रिव्हेट सैल होऊ लागतात.

१३/ जोड देण्याच्या पद्धती मुख्यतः तीन. तुळईच्या आत दुसरा ‘सी’ चॅनल बसवणे, खालच्या कडेला कवेत घेणारी ‘एल’ आकाराची पट्टी लावणे, किंवा पोटाला सपाट पट्टी जोडणे. काँक्रीट मिक्सर, डंपर आणि लाकूडवाहू ट्रकांना कारखान्यातूनच दुहेरी तुळया मिळत. तिन्हींत सपाट पट्टी सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी फलदायी, कारण ती पोलाद नेमके पोटावर चढवते.

१४/ जोड कुठे संपतो, याला जोड किती जाड आहे याहून अधिक महत्त्व असते. पट्टी काटकोनात कापून थांबवली, तर भक्कम भाग आणि लवचीक भाग यांच्या सीमेवर सारा ताण एकवटतो आणि तुळई तिथेच तडकते. म्हणून जोडाची टोके तिरपी, निमुळती केली जातात. जुन्या ट्रकांत केबिनच्या मागे किंवा पाट्यांच्या टेकूपाशी गेलेले तडे पुष्कळदा अशाच घाईच्या जोडांची साक्ष देतात.

१५/ दुसरा शत्रू गंज. दोन तुळयांच्या फटीत पाणी आणि मीठ शिरले, की गंज फुगतो, कारण मूळ लोखंडापेक्षा त्याला जागा जास्त लागते. तो दोन पोलादी थरांना एकमेकांपासून ढकलतो आणि रिव्हेटसुद्धा तोडतो. बळ वाढावे म्हणून दिलेला जोडच कालांतराने सांगाड्याला आतून फाडू लागतो.

१६/ भारतात ही कथा वेगळ्या वळणाने गेली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात वाहनजोडणी सुरू केली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपुरात ट्रक बनवायला घेतले. ते सहकार्य १९६९ पर्यंत चालले. येथे ट्रक बहुधा उघड्या चॅसिसच्या रूपात विकला जाई. हौदा बांधत ते गावोगावचे सुतार आणि वेल्डर.

१७/ त्यांच्या कामात पारंपरिक शहाणपण होते. तुळई आणि हौदा यांच्यामध्ये लाकडी पट्टी ठेवून वरून यू-बोल्ट आवळण्याची रीत तुळईला भोके न पाडता हौदा घट्ट धरी. पण मालकाची मागणी बहुधा एकच असे: अधिक माल. मग कमानपाट्यांची संख्या वाढे, तुळईला पट्ट्या चढत, हौद्याच्या फळ्या उंच होत.

१८/ येथेच खरी गफलत होती. तुळई भक्कम झाली, तरी ब्रेक, आस, टायर आणि स्टिअरिंग तेच राहिले. सांगाडा तडकतो तेव्हा तो निदान इशारा तरी देतो. जोड दिल्यावर तो इशाराही बंद होतो आणि उरलेला भार घाटाच्या उतारावर ब्रेकच्या माथी येतो. त्याची किंमत चालकाने, क्लीनरने आणि समोरून येणाऱ्याने मोजली.

१९/ किंमत रस्त्यानेही मोजली. १९५८ ते १९६० दरम्यान अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या प्रसिद्ध रस्ता-चाचणीतून दिसले, की रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दीडपट झाला, तर झीज सुमारे पाचपट! तुळईला लावलेली पट्टी डांबराला वाचवू शकत नाही.

२०/ म्हणून कायदा सांगाड्याची ताकद विचारत नाही, तो आसावरचे वजन मोजतो. नोव्हेंबर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन जादा भार चालू देण्याच्या राज्यांच्या प्रथेला आळा घातला. जादा माल उतरवलाच पाहिजे, असा दंडक घालून दिला. २०१८ मध्ये चार टायरच्या आसाची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा ठरला.

२१/ टाटांच्या ‘१६१३’ सारख्या नावातले पहिले दोन अंक मालासकट एकूण वजनाचे, सुमारे १६ टनांचे. गाडीची मर्यादा तिच्या कपाळावरच लिहिलेली असे. चॅसिसला दिलेला नेटका जोड झिजलेल्या सांगाड्याला आयुष्य देतो, खाणीत किंवा धरणावर राबणाऱ्या ट्रकला आधार देतो. कपाळावरचा आकडा मात्र तो बदलत नाही.