यकृतातील डाग कशाचा? सीटी स्कॅनच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खाणींतून येणारे लोहखनिज येथे वितळू लागले आणि कारखान्याभोवती सेक्टरांची नगरी उभी राहिली. रुआबांधा हा त्याच नगरीचा भाग. छत्तीसगडी, ओडिया, बंगाली आणि तेलुगू शेजाऱ्यांसह विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही या नगरीत स्थिरावली. पोलादाच्या धंद्यातला एक नियम येथील घराघरांत ठाऊक असतो: वितळलेल्या धातूची पारख रंगावरून होत नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो, तेथे त्याचा वर्णपट तपासला जातो, आणि कार्बन किती, मँगनीज किती, हे कळल्यावरच पुढचा निर्णय होतो.

मानवी यकृताच्या बाबतीत मात्र वैद्यकशास्त्राला दीर्घकाळ केवळ छटेवरूनच निदान करावे लागले.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. यंत्राचे जनक गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे ‘ईएमआय’ या कंपनीतील अभियंते होते. त्यांच्या यंत्राने मेंदूचा आडवा छेद संगणकाच्या साहाय्याने रेखाटला आणि रुग्णाच्या मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेपूर्वीच दिसली. १९७९ साली हाउन्सफिल्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या तंत्रात शरीराच्या प्रत्येक बिंदूला एक अंक मिळतो. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १,०००; निरोगी यकृताचा साधारण ५० ते ६०. हा अंक त्या जागी क्ष-किरण किती अडले एवढेच सांगतो. कोणत्या पदार्थाने ते अडवले हे सांगत नाही. थोडे आयोडीन आणि थोडे अधिक कॅल्शियम यांचा अंक एकच येऊ शकतो. यकृतातील एक सेंटिमीटरहून लहान डाग पाण्याची निरुपद्रवी पुटी आहे की कर्करोगाची सुरुवात, हे अशा अंकावरून ठरवणे कठीण असते. शेजारची ऊती औषधाने उजळली की लहान पुटीचा अंकही खोटाच वाढतो.

या उणिवेवरचा उपाय हाउन्सफिल्ड यांना आरंभीच सुचला होता. १९७३ मधील आपल्या मूळ शोधनिबंधातच त्यांनी लिहून ठेवले की, एकाच छेदाची १०० आणि १४० किलोव्होल्टवर दोन चित्रे घेतल्यास त्यांच्या फरकावरून पदार्थाच्या अणुक्रमांकाचा अंदाज बांधता येईल. १९७६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉबर्ट अल्वारेझ आणि आल्बर्ट मॅकॉव्हस्की यांनी या कल्पनेला गणिताचा भक्कम पाया दिला. शरीरात क्ष-किरण मुख्यतः दोन प्रकारे अडतात. त्यांपैकी प्रकाशविद्युत परिणाम अणुक्रमांकाबरोबर झपाट्याने वाढतो आणि किरणांची ऊर्जा वाढताच तितक्याच झपाट्याने ओसरतो. दुसरा, कॉम्प्टन प्रकीर्णन, प्रामुख्याने घनतेवर अवलंबून असतो. दोन ऊर्जांवर मोजमाप केले की हे दोन्ही वाटे वेगळे करता येतात. कार्बनचा अणुक्रमांक ६, ऑक्सिजनचा ८, लोहाचा २६ आणि आयोडीनचा ५३. ऊर्जा बदलताच आयोडीन इतरांपेक्षा फारच निराळे वागते आणि म्हणूनच ओळखता येते.

यकृतात कोणते मूलद्रव्य साचले आहे, हा प्रश्न किती जीवघेणा ठरू शकतो, याचा दाखला त्याच सुमारास पुण्यातून मिळाला. भारतीय बालकांच्या यकृतकाठिण्याने कोवळी मुले काही महिन्यांत दगावत. त्यांच्या यकृताच्या तुकड्यांत तांब्याचा प्रचंड साठा आढळत असे. १९८३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश सहकारी स्टुअर्ट टॅनर यांच्यासह ‘लॅन्सेट’मध्ये बोट ठेवले ते स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेल्या दुधातून तांबे बाळाच्या पोटात जात होते. भांडी बदलली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. मात्र तांब्याचा हा पुरावा मिळवण्यासाठी बाळाच्या यकृतात सुई घालावी लागली होती.

सुईविना मूलद्रव्य ओळखण्याचे आरंभीचे प्रयत्न लोहासाठी झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी संशोधकांनी दोन ऊर्जांच्या सीटीने यकृतातील लोह मोजून पाहिले. वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांच्या यकृतात लोह साचते. विदर्भ आणि छत्तीसगड या दोन्ही प्रदेशांत सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने असल्याने भिलाईसाठी हा विषय परका नाही.

तथापि ही पद्धत तेव्हा रुजली नाही. दोन चित्रे एकामागून एक घ्यावी लागत. मेंदू कवटीत स्थिर राहतो. यकृत मात्र श्वासपटलाच्या खाली असल्याने प्रत्येक श्वासाबरोबर सरकते. पहिल्या चित्रातील बिंदू दुसऱ्या चित्रात त्याच जागी सापडत नसे आणि वजाबाकी फसत असे. पुढे लोह मोजण्याचे काम एमआरआयने आपल्याकडे घेतले.

अडचण सुटायला तीन दशके लागली. २००६ च्या सुमारास दोन क्ष-किरण नळ्या एकाच वेळी फिरवणारी यंत्रे रुग्णालयांत आली. त्यानंतर एकाच नळीचा दाब क्षणार्धात खाली-वर करणारी यंत्रे आली. पुढे दुपदरी शोधकाची आली, ज्यात वरचा पदर कमी ऊर्जेचे आणि खालचा पदर अधिक ऊर्जेचे किरण टिपतो. २०२१ मध्ये अमेरिकेने प्रत्येक फोटॉन त्याच्या ऊर्जेसह मोजणाऱ्या यंत्राला मान्यता दिली. या साऱ्यांना मिळून आज स्पेक्ट्रल, म्हणजे वर्णपटीय सीटी म्हणतात.

यकृतातील गाठींच्या परीक्षेत तिचा उपयोग असा. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रवेशिका शिरेतून मिळते. यकृताचा प्राथमिक कर्करोग मात्र मुख्यतः धमनीवर पोसतो. शिरेतून आयोडीनयुक्त औषध दिल्यावर अशी गाठ आधी उजळते आणि नंतर भोवतालच्या यकृतापेक्षा फिकी पडते. वर्णपटीय सीटी प्रत्येक बिंदूतील आयोडीनचा नकाशाच काढते. नकाशात डाग कोरा राहिला, तर त्याला रक्तपुरवठा नाही, अर्थात तो बहुधा पुटी. आयोडीन आढळले, तर ती जिवंत ऊती. आयोडीनची शोषणसीमा ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असल्याने ४० ते ५० च्या आसपासच्या ऊर्जेची प्रतिमा गणिताने तयार केली की नेहमीच्या चित्रात लपलेली लहान गाठही उठून दिसते. शिवाय चित्रातून आयोडीन गणिताने वजा करता येते. त्यामुळे औषधापूर्वीचा वेगळा स्कॅन अनेकदा टाळता येतो आणि रुग्णाला होणारा किरणोत्सर्गही घटतो.

मर्यादाही आहेत. यकृतातील मेद आणि लोह हिशोब बिघडवतात. कमी ऊर्जेच्या प्रतिमा दाणेदार होतात, विशेषतः स्थूल व्यक्तींत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. गाठीत तेलयुक्त आयोडीन सोडून उपचार झाला असल्यास तेच आयोडीन उरलेल्या रोगाला झाकू शकते. म्हणून एमआरआय आणि गरजेनुसार बायोप्सी यांचे स्थान अबाधित आहे.

या इतिहासाचा अर्थ रुआबांध्यातील एखाद्या निवृत्त कामगाराच्या घरी अधिक स्पष्ट होतो. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत यकृतावर डाग दिसतो. सीटी होते, अहवालात लिहिलेले असते की डाग फार लहान आहे, स्वरूप सांगता येत नाही, काही महिन्यांनी पुन्हा तपासावे. मग रायपूर किंवा नागपूरची वारी, दुसरा स्कॅन, दुसरा खर्च, आणि मधले महिने संपूर्ण घराची झोप उडवणारे. डाग साधी पुटी असेल, तर ती सारी धास्ती अनाठायी ठरते. कर्करोग असेल, तर तेच महिने उपचारातून वजा होतात.

हाउन्सफिल्ड यांनी १९७३ मध्ये सुचवलेले दुसरे चित्र या दोन शक्यता पहिल्याच भेटीत वेगळ्या करण्याची संधी वाढवते. ते तंत्र आता मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांत पोहोचले आहे. जिल्ह्याच्या गावांतील रुग्णाला ते परवडेल अशा दरात मिळणे, हा या इतिहासाचा न लिहिला गेलेला टप्पा आहे.