शिकवणी ऑनलाइन, तानपुरा मात्र घरातलाच हवा

प्रतिनिधी, सोलापूर

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि शाळांबरोबरच गाण्याचे, तबल्याचे, पेटीचे वर्गही बंद पडले. वर्गातील सतरंज्या गुंडाळल्या गेल्या आणि मुलांचा रियाज आई-वडिलांच्या मोबाईलसमोर सुरू झाला. टाळेबंदी उठली, वर्ग पुन्हा भरू लागले. परंतु घरबसल्या संगीत शिकण्याची ही पद्धत मागे पडली नाही. सोलापूरसारख्या शहरातील पालकांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविकच आहे. हव्या त्या वाद्याचे किंवा विशिष्ट घराण्याची तालीम देणारे गुरू गावात असतीलच असे नाही आणि सुमारे अडीचशे किलोमीटरवरील पुण्याला दर आठवड्याला मुलाला नेणे-आणणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असते.

मात्र या सोयीत एक धोका दडलेला आहे. ज्या तंत्रज्ञानावर या शिकवण्या चालतात, ते मुळात बोलण्यासाठी घडवलेले आहे, गाण्यासाठी नव्हे. हा फरक ध्यानात न घेतल्यास मूल महिनोन्‌महिने शिकत राहते आणि त्याच्या गळ्यात चुकीचा सूर पक्का होतो. एकदा पक्का झालेला सूर मोडून पुन्हा बसवणे हे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड असते, हे कोणताही संगीतशिक्षक सांगेल. म्हणूनच हे तंत्रज्ञान कसे चालते, कोठे साथ देते आणि कोठे दगा देते, हे पालकांनी समजून घेणे आवश्यक आहे.

तबकडीपासून पडद्यापर्यंत

गुरूच्या घरी न राहता संगीत शिकण्याची कल्पना नवी नाही. पं. विष्णू दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि गुरूगृहातील विद्या वर्गात आणली. पं. विष्णू नारायण भातखंडे यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधून ‘क्रमिक पुस्तक मालिका’ प्रसिद्ध केली आणि ती विद्या छापील पानावर आणली. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले आणि पुढे तबकडीने मैफल दिवाणखान्यात नेली. ‘विविध भारती’च्या ‘संगीत सरिता’ने रागांची ओळख घरोघरी पोहोचवली.

या साधनांनी ओढ लावली. तालीम मात्र दिली नाही. पं. भीमसेन जोशी यांचे उदाहरण सर्वज्ञात आहे. सोलापूरहून रेल्वेने जोडलेल्या गदगच्या परिसरातील हा मुलगा उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकून भारावला आणि १९३३ मध्ये गुरूच्या शोधात घराबाहेर पडला. ग्वाल्हेर, जालंधर अशी भ्रमंती करून अखेर त्याला तालीम मिळाली ती घरापासून फारशा दूर नसलेल्या कुंदगोळला, सवाई गंधर्वांकडे. तबकडी गाऊन दाखवू शकत होती. समोरच्या मुलाचे गाणे ऐकून त्याची चूक सांगू शकत नव्हती.

इंटरनेटने प्रथमच ही उणीव काही अंशी भरून काढली. २००३ मध्ये स्काईप आले आणि परदेशातील मराठी कुटुंबांनी भारतातील गुरूंकडून मुलांना शिकवण्यासाठी त्याचा वापर सुरू केला. सोलापुरात सकाळचे सहा वाजलेले असताना न्यू जर्सीत उन्हाळ्यात आदल्या संध्याकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. गुरूंच्या पहाटेच्या रियाजाची आणि मुलांच्या शाळेनंतरची वेळ अशी जुळून येते. स्काईप मे २०२५ मध्ये बंद झाले. त्याची जागा झूम, गुगल मीट आणि व्हॉट्सॲप यांनी त्याआधीच घेतली होती.

परितेवाडीचा धडा

मुलांच्या शिक्षणात तंत्रज्ञान कसे वापरावे, याचा एक धडा सोलापूर जिल्ह्यातच मिळतो. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड बसवले. कोडवर मोबाईल धरला की कवितेचे ध्वनिमुद्रण, धड्याची चित्रफीत, गोष्ट किंवा स्वाध्याय मुलांसमोर येत असे. पुढे २०१७ मध्ये राज्य शासनाने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचे जाहीर केले. डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा जागतिक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

संगीताच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे कवितेचे ध्वनिमुद्रण. ते छोटे आहे, नेमके आहे आणि मूल आपल्या सवडीने ते दहा वेळा ऐकू शकते. गाण्याच्या शिकवणीतही तासभराच्या थेट वर्गाइतकेच मोल गुरूंनी पाठवलेल्या दोन मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाला असते. त्यात एकच पलटा किंवा बंदिशीची एकच ओळ असावी. घरात मोबाईल एकच असेल तर ही पद्धत विशेष उपयोगी पडते. कारण वडील संध्याकाळी घरी परतल्यावरही मुलाला ती ओळ ऐकता येते.

सूर कोठे हरवतो?

व्हिडिओ कॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करण्याची यंत्रणा असते. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार असे समजून ती तो दाबून टाकते आणि शब्द तेवढे पुढे पाठवते. दोन माणसांच्या संभाषणात हे सोयीचे असते. परंतु तानपुऱ्याचा झंकार हाही सतत एकसारखाच येणारा आवाज आहे. सॉफ्टवेअर त्याला पंखाच समजते आणि दाबून टाकते. मुलाने लांबवलेला षड्जही कित्येकदा मध्येच विरतो किंवा थरथरल्यासारखा ऐकू येतो. आवाजाची पातळी आपोआप समान करणारी दुसरी यंत्रणा मंद्र सप्तकातील हळुवार सूर आणि तार सप्तकातील खुला सूर यांतील फरकच पुसून टाकते. परिणामी गुरूंच्या कानावर मुलाचे खरे गाणे पडतच नाही.

यावर उपाय आहे. झूममध्ये संगीतकारांसाठी ‘ओरिजिनल साउंड’ ही सोय असून ती सुरू केल्यास आवाजावरील बहुतेक प्रक्रिया थांबते. ती मुलाच्या आणि गुरूंच्या, अशा दोन्ही बाजूंना सुरू करावी लागते. मात्र गोंगाट गाळणारी यंत्रणा बंद केली की घरातील गोंगाटही जसाच्या तसा पुढे जातो. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर घरात घुमत असतो. तेथे मागांपासून दूरची आतली खोली निवडणे आणि माग थांबलेले असतानाची वेळ ठरवणे, हाच व्यवहार्य मार्ग होय. रिकाम्या खोलीत सूर घुमत असेल तर भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगावी. तिने बाहेरचा आवाज थांबत नाही. पण खोलीतील घुमारा निश्चित कमी होतो.

लय का जुळत नाही?

दुसरी अडचण वेळेची आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटर अंतरावरील साथीदाराचा आवाज आपल्यापर्यंत सेकंदाच्या सुमारे तीनशतांश भागात पोहोचतो. एवढा विलंब गायक आणि वादक सांभाळून घेऊ शकतात. व्हिडिओ कॉलमधील विलंब याच्या कित्येक पट असतो. गुरूंचा आवाज मुलापर्यंत आणि मुलाचा आवाज परत गुरूंपर्यंत येण्यात पाव सेकंद सहज जातो. कधी त्याहूनही अधिक.

पाव सेकंद म्हणजे किती, हे तालाच्या हिशेबाने पाहू. मिनिटाला १२० मात्रांच्या मध्य लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते आणि त्रितालाचे सोळा मात्रांचे आवर्तन आठ सेकंदांत पूर्ण होते. या लयीत पाव सेकंदाचा उशीर म्हणजे अर्ध्या मात्रेची चूक. गुरूंनी तिकडे ठेका धरला आणि मुलाने इकडे अगदी अचूक गायले, तरी गुरूंना ते अर्धी मात्रा मागेच ऐकू येणार. मूल लयीत कच्चे आहे असा समज होतो. वास्तविक दोष तारेचा असतो. दोघांनी एकत्र गाण्याचा प्रयत्न केला तर सॉफ्टवेअर प्रतिध्वनी टाळण्यासाठी एकाचा आवाज तोडते, ते निराळेच.

या साऱ्यावरचा तोडगा साधा आहे. तानपुरा आणि ठेका गुरूंच्या घरी नव्हे, तर मुलाच्या खोलीत वाजला पाहिजे. मुलाचा सूर, तानपुरा आणि ठेका एकाच खोलीतून एकत्र निघाले, तर ते गुरूंपर्यंत उशिरा पोहोचले तरी एकत्रच पोहोचतात. सम बरोबर आली की चुकली, हे मग गुरूंना अचूक कळते.

तालमीची रीत बदलावी

म्हणूनच ऑनलाइन तालीम आळीपाळीने चालावी. आधी गुरूंनी गावे आणि मुलाने ऐकावे. नंतर मुलाने गावे आणि गुरूंनी शांत राहावे. मध्येच थांबवायचे असेल तर गुरूंनी हात वर करावा. गुरूंच्या हाताची टाळी पाहून मुलाने ताल धरू नये, कारण पडद्यावरची टाळीही उशिराच येते. या पद्धतीत मुलाला गुरूंच्या आवाजाचा आधार न घेता एकट्याने गावे लागते. वर्गात दहा जणांच्या आवाजात लपणाऱ्या मुलासाठी हा लाभच म्हणावा लागेल.

तानपुऱ्यासाठी सर्वांना मिरजेची वाट धरणे शक्य नाही. तेथील सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी नवशिक्या मुलासाठी जुळवलेला मोठा तानपुरा सांभाळणे कठीणच असते. बेंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणला आणि ही अडचण बरीच दूर झाली. आता ‘आयतबला प्रो’, ‘तानपुरा ड्रॉइड’ यांसारखी ॲप हेच काम मोबाईलवर करतात. कॉल एका मोबाईलवर आणि तानपुरा दुसऱ्या जुन्या मोबाईलवर, अशी विभागणी उत्तम. पट्टी मात्र गुरूंनी ठरवून द्यावी. बारा ते चौदा वर्षांच्या सुमारास मुलग्यांचा आवाज फुटतो. त्या काळात पट्टीसाठी हट्ट धरू नये.

ॲप चूक दाखवते, तेव्हा

गाताना सूर बरोबर लागला की नाही, हे काट्याने दाखवणारी ॲप मुलांना खेळासारखी आवडतात. ती जपून वापरावीत. ही ॲप बहुधा पेटी किंवा कीबोर्डच्या समान अंतराच्या स्वरांवर बेतलेली असतात. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार षड्जाशी पाचास चार या प्रमाणात असतो आणि तो पेटीच्या गंधारापेक्षा किंचित खाली असतो. लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले तर हा फरक सुमारे चौदा भागांचा भरतो. तेव्हा भूपाचा गंधार तानपुऱ्याशी अचूक जुळवणाऱ्या मुलाला ॲप ‘सूर उतरला’ असे सांगण्याची शक्यता असते. अशा वेळी यंत्राचे न ऐकता तानपुऱ्याचे ऐकावे. पेटीच्या स्वरांविषयीच्या आक्षेपांमुळेच १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, याची येथे आठवण होते. पेटीवर बोट ठेवून सूर शोधण्याची सवय ऑनलाइन शिकवणीत लवकर जडते, हेही पालकांनी लक्षात ठेवावे.

पालकांसाठी काही सूचना

- वायर असलेला हेडफोन वापरावा. ब्लूटूथमुळे विलंबात आणखी भर पडते. मुलाने एक कान मोकळा ठेवावा, म्हणजे त्याला स्वतःचा आवाज आणि खोलीतील तानपुरा ऐकू येतो.
- हेडफोनचा आवाज मर्यादित ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबल आणि आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सुचवली आहे.
- तबला शिकताना मोबाईल थोडा उंचावर, दोन्ही हात दिसतील असा ठेवावा. डग्ग्याचा घुमारा मोबाईलच्या स्पीकरमधून ऐकूच येत नाही. गुरूंनीही हेडफोन लावणे इष्ट.
- पेटीसाठी बोटे आणि भाता दोन्ही दिसावेत. गाताना मुलाचा केवळ चेहरा न दाखवता पूर्ण बैठक दाखवावी.
- आठवड्यातून एकदा मुलाच्या रियाजाचे ध्वनिमुद्रण करून गुरूंना पाठवावे. कॉलमधून येणाऱ्या आवाजापेक्षा ते अधिक खरे असते.
- लहान मुलांसाठी वीस ते तीस मिनिटांचे दोन वर्ग तासाभराच्या एका वर्गापेक्षा बरे.
- वर्गाचे चित्रीकरण कोठे साठवले जाते, हे विचारावे. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

पडदा पुरेसा नाही

वादकाच्या साथीत गाणे, ठेका ऐन वेळी बदलला तर सांभाळणे, शेजारी बसलेल्या मुलाचे गाणे ऐकून शिकणे, या गोष्टी पडद्यावर शिकता येत नाहीत. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा देऊ इच्छिणाऱ्या मुलालाही कधी तरी परीक्षकासमोर साथीने गावेच लागते. म्हणून ऑनलाइन शिकणाऱ्या मुलाने महिन्यातून एकदा तरी स्थानिक तबलावादकाबरोबर बसावे. पंढरपूरच्या या जिल्ह्यात टाळ-पखवाजाच्या साथीने भजन चालणारी मंदिरे कमी नाहीत; तेथे मुलाला नेऊन बसवले तरी लयीचे संस्कार घडतात.

दूरचा गुरू शोधण्याआधी गावातला गुरू शोधावा, हे तर झालेच. तो मिळाला नाही किंवा हवे ते वाद्य शिकवणारा नसला, तर पडदा जरूर वापरावा. मात्र शुल्क भरण्यापूर्वी गुरूंना एक प्रश्न आवर्जून विचारावा: वर्गात तानपुरा आणि ठेका कोणाकडे वाजणार? ‘मुलाकडे’ असे उत्तर आले तर त्या गुरूंना हे माध्यम कळले आहे, असे खुशाल समजावे.