लॅपटॉपच्या पडद्यावरील काळ्या डागाचा इतिहास

लॅपटॉपच्या पडद्यावर उमटलेल्या काळ्या डागाचे कारण एका शब्दात सांगता येत नाही, कारण हा पडदा वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या देशांत घडलेल्या थरांचा बनलेला असून प्रत्येक थराचा डाग निराळा असतो.

यांतील सर्वांत जुना थर द्रव स्फटिकाचा, म्हणजे द्रवासारखे वाहणाऱ्या पण रेणूंची मांडणी स्फटिकासारखी शिस्तीत ठेवणाऱ्या पदार्थाचा होय. 1888 मध्ये प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनिट्झर यांना असे आढळले की कोलेस्टेरिल बेंझोएट हे संयुग 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होते आणि 178.5 अंशांना पुन्हा एकदा पालटून नितळ होते. या गढूळ अवस्थेचे स्वरूप जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांनी उलगडले. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे हा विषय प्रयोगशाळांपुरताच राहिला. 1970 मध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिख यांनी स्वित्झर्लंडमध्ये विजेच्या दाबाने रेणूंचा पीळ सोडवून प्रकाश अडवण्याची रीत शोधली, तर 1973 मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी नेहमीच्या तापमानाला टिकणारे द्रव स्फटिक सिद्ध केले. हा द्रव दोन काचांमधील काही मायक्रोमीटरच्या फटीत बंदिस्त असतो. काच तडकली किंवा तिच्या कडेची बंदिस्ती उसवली की द्रव सरकतो, हवा शिरते आणि सांडलेल्या शाईसारखा, बहुधा दिवसेंदिवस पसरणारा डाग दिसू लागतो.

दुसरा डाग ट्रान्झिस्टरच्या थराचा. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पीटर ब्रॉडी यांनी पडद्यावरील प्रत्येक बिंदूला स्वतंत्र ट्रान्झिस्टर देण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली आणि 1979 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे अस्फटिकी सिलिकॉनचे स्वस्त ट्रान्झिस्टर शक्य असल्याचे दिसून आले. 1366 गुणिले 768 बिंदूंच्या साध्या पडद्यातही लाल, हिरवे आणि निळे मिळून 31,47,264 उपबिंदू असतात, हे लक्षात घेतले म्हणजे एखादा बिंदू मृत निघणे किती स्वाभाविक आहे ते कळते. पीळ सोडवण्याच्या जुन्या पद्धतीत वीज न मिळालेला बिंदू सहसा उजळ राहतो, तर 1990 च्या दशकात पुढे आलेल्या, रेणू काचेच्या प्रतलातच फिरवणाऱ्या आयपीएस पद्धतीत तो काळा राहतो. म्हणजे एकाच बिघाडाची खूण तंत्राबरोबर पालटली. 2001 च्या आयएसओ 13406-2 या मानकाने दुसऱ्या श्रेणीच्या पडद्यात दर दहा लाख बिंदूंमागे कायम उजळ दोन आणि कायम काळे दोन बिंदू क्षम्य ठरवले. कारखान्यांना या सवलतीची गरज होती हे खरे, पण पूर्ण किंमत मोजणाऱ्या ग्राहकाला ती खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगितली जायला हवी होती.

तिसरा थर पाठीमागच्या प्रकाशाचा. आरंभी त्यासाठी बारीक प्रकाशनळी असे, पुढे तिच्या जागी एलईडी आले. त्यांचा प्रकाश सर्वत्र सारखा पसरवणाऱ्या पातळ पत्र्यांमध्ये धूळ गेली किंवा बॅगेत दाब पडून ते पत्रे दुखावले की पुसट कडांचा करडा ठिपका दिसतो, आणि एखादा एलईडी विझला तर पडद्याच्या कडेला काळोखाचा पट्टा पडतो. प्रकाशाच्या अशा असमानतेला या उद्योगात 'मुरा' हा जपानी शब्द रूढ आहे.

निदानाची रीत या थरांवरूनच ठरते. प्रथम पडदा मऊ कापडाने पुसावा आणि बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा. डाग तिथेही दिसला तर दोष ग्राफिक्सचा किंवा प्रणालीचा, न दिसला तर पडद्याचा किंवा त्याच्या जोडणीचा. मग पांढरी, लाल, हिरवी आणि निळी अशी कोरी पाने पूर्ण पडद्यावर उघडावीत: रेखीव कडांचा, न हलणारा ठिपका मृत बिंदूचा, तर तिरपे पाहिल्यावर चित्राच्या तुलनेत जागा बदलणारा पुसट ठिपका मागील पत्र्यांमधील धुळीचा असतो. धूळ कुशल कारागिराला काढता येते. सरकलेला द्रव मात्र पुन्हा जागेवर येत नाही आणि तेव्हा संपूर्ण पॅनेलच बदलावे लागते. म्हणून नव्या पॅनेलचे पैसे देण्यापूर्वी या दोन्ही चाचण्या ग्राहकाने स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्याव्यात.