पार, कट्टा आणि नाना-नानी पार्क: ज्येष्ठांच्या बसायच्या जागेचा इतिहास

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. बसायची जागा. वय झालेल्या माणसांनी संध्याकाळी घराबाहेर पडून बसायचं कुठे? हा प्रश्न आज सोसायटीच्या सभेत निघतो, वॉर्ड ऑफिसात निघतो. पण त्याचा इतिहास जुना आहे. आणि तो बघताना जागा कोणी बांधली एवढंच विचारून भागत नाही. तिथून कोणाला उठवता येतं, हेही विचारावं लागतं.

सुरुवात गावापासून करू. वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती दगडमातीचा ओटा घातला की झाला पार. तो काही म्हाताऱ्यांसाठी बांधलेला नसायचा. सावली असायची, जवळ मारुतीचं देऊळ, थोड्या अंतरावर चावडी. येणारा-जाणारा तिथेच टेकायचा. शेतीचं जड काम सुटलेला म्हातारा आपोआप तिथे यायचा आणि तिथे त्याला वेगळं काम मिळायचं. भांडण मिटवायचं, सोयरिकीची चौकशी सांगायची, यंदा पाऊस कसा असेल यावर वाद घालायचा. म्हणजे बघा, तो नुसता बसलेला नसायचा, त्याला तिथे किंमत होती.

पण हे चित्र अर्धंच आहे. गावात राबलेला महार किंवा मांग म्हातारा त्या पारावर चढू शकत नव्हता. त्याला खाली, अंतर राखून उभं राहावं लागे. आणि बायका? पारापुढून जाताना पदर सावरून, मान खाली घालून जायचं, एवढाच त्यांचा पाराशी संबंध. म्हातारपणी चारचौघींत बसायचं तर देवळातलं कीर्तन, नदीचा घाट, नाहीतर ओसरीवर वाती वळणं. पार गावाचा म्हणायचा, पण बसायचे गावातले ठरावीक पुरुष.

मग या जागा ‘सार्वजनिक’ कधी झाल्या? इथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. 4 ऑगस्ट 1923. सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने त्या दिवशी मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या असाव्यात, असा तो ठराव. तत्त्व सरळ होतं: पैसा सगळ्यांचा, तर जागाही सगळ्यांची. ठराव झाला म्हणून लगेच काही बदललं नाही. म्हणून तर 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावं लागलं.

आता याच काळातल्या दादरला या. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि दाट वस्तीवर उपाय म्हणून 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याकडे आखीव रस्ते आणि मोकळ्या जागा असलेली वस्ती उभी राहू लागली. 1925 मध्ये महापालिकेने इथलं मोठं मैदान लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याचं शिवाजी पार्क झालं.

आपल्या विषयातला खरा नायक मात्र मैदानाभोवतीचा कट्टा आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीची बुटकी भिंत. तीही ज्येष्ठांसाठी म्हणून आखलेली नव्हती. पण बसलं की पाय जमिनीला टेकतात, वर झाडं आहेत, समोर पोरांचं क्रिकेट चाललेलं असतं. पेन्शनर मंडळींना आणखी काय हवं? शेजारी कोण बसलाय, त्याची जात काय, भाडं किती भरतो, हे विचारायचा अधिकार तिथे कोणालाच नाही. बोल्यांच्या नावाचा रस्ता याच दादरमध्ये आहे. चैत्यभूमीही इथून जवळ. दर 6 डिसेंबरला येणाऱ्या अनुयायांची सोय याच मैदानात होते, आणि त्यात गावाकडच्या कितीतरी म्हाताऱ्या बायका असतात. गावच्या पारावर ज्यांना जागा नव्हती, त्यांच्यापैकी अनेकांच्या लेकीसुना त्या.

‘फक्त ज्येष्ठांसाठी’ जागा ही कल्पना त्यामानाने नवी आहे. 1999 हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक वर्ष. त्याच वर्षी भारत सरकारचं ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण आलं. त्या सुमारापासून गिरगाव चौपाटीलगतच्या नाना-नानी पार्कसारख्या बागा आपल्याकडे दिसू लागल्या. पुढे विरंगुळा केंद्रं आली, ज्येष्ठ नागरिक संघांच्या सकाळच्या बैठका आणि हास्यक्लब आले. गरजही वाढत होती. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं 9.9 टक्के होती.

या बागांनी दिलेल्या गोष्टी खऱ्या आहेत. पाठ टेकायला बाक, सपाट वाट, क्रिकेटचा चेंडू लागायची भीती नाही. सगळ्यात मोठं म्हणजे आजी इथे हक्काने येऊन बसल्या, भजन म्हणू लागल्या. पण काही गेलंही. बऱ्याच बागांना दुपारी कुलूप लागतं. आणि आजूबाजूला फक्त समवयस्क असले की बोलणं साखर, गुडघे आणि परदेशातली मुलं इथवरच फिरत राहतं. पारावर आणि कट्ट्यावर तरुणांची वर्दळ असायची, तिने गप्पांना विषय मिळायचा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांविषयी एक मार्गदर्शिका काढली. त्यासाठी जगातल्या 33 शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलणं झालं, आपल्याकडची दिल्ली आणि उदयपूर त्यात होती. मागण्या काय? बसायला बाक, चालायला धड फुटपाथ, स्वच्छ स्वच्छतागृह. शेवटची मागणी किरकोळ समजू नका. मधुमेहाची गोळी घेणारी बाई बागेत किती वेळ बसेल, हे झाडांपेक्षा स्वच्छतागृहावर ठरतं. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ चळवळीने हाच मुद्दा लावून धरला.

आता आजचा धोका. नव्या टॉवरमध्ये ज्येष्ठांसाठी सुंदर कोपरे होतात, पण ते फाटकाच्या आत. त्याच टॉवरमध्ये वीस वर्षं धुणंभांडी केलेली बाई साठीची झाली, तर त्या बाकावर बसेल का? वॉचमन तिला बसू देईल का? आणि बाहेरच्या रस्त्यावरचे बाक ‘नको ती माणसं बसतात’ म्हणून काढले जातात. म्हणजे पाराचा जुना नियम फाटकाच्या रूपाने परत येतोय.

म्हणून मंडळी, तुमच्या भागात ज्येष्ठांसाठी जागा मागायची वेळ आली, तर ती महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जमिनीवर, रस्त्यालगत, फाटकाबाहेर मागा. सावली, पाठीचा बाक, जवळ स्वच्छतागृह, दुपारी कुलूप नको, एवढं अर्जात नक्की लिहा. आणि तुमच्याकडे अजून पार किंवा कट्टा असेल, तर तिथे आज कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे आम्हाला कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.